मॅरेथॉनला दीड आठवडा उरला असताना आणखी एक लाँग रन करावी का?

राजारामपुरीकर (प्रश्न):
नमस्कार. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये मी पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटरचे पूर्ण अंतर धावणार आहे. सराव रंकाळ्याभोवती आणि शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात केला असून ३२ किलोमीटरची सर्वांत मोठी लाँग रन नुकतीच व्यवस्थित पार पडली. आता ठरल्याप्रमाणे सराव कमी केला आहे, पण पाय हलके होण्याऐवजी जडच वाटू लागले आहेत, पोटरी मधूनच ओढल्यासारखी होते, आणि जोतिबाच्या रस्त्यावर एकदा तीसेक किलोमीटर धावून खात्री करून घ्यावी, असे सारखे मनात येते. घरी आई ‘ताकद पाहिजे’ म्हणून मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा आग्रहाने वाढत आहे. शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचा विचार आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंकाळ्याचा धावक:
दादा, तीस किलोमीटरचा विचार आजच सोडून द्या. लांब धावण्याचा फायदा शरीरात उतरायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे आता केलेल्या लाँग रनचा उपयोग शर्यतीच्या दिवशी होणार नाही. मात्र तिने स्नायूंना झालेली बारीक इजा आणि थकवा त्या दिवशीही तुमच्यासोबत असतील. या काळात एकूण अंतर जवळपास निम्म्यावर आणायचे, पण वेग अगदीच सोडायचा नाही. शर्यतीच्या आठवड्यात मंगळवारी आठ किलोमीटर धावा आणि त्यातले तीन शर्यतीच्या वेगाने घ्या. गुरुवारी पाच किलोमीटर सावकाश. शनिवारी पंधरा-वीस मिनिटे पाय मोकळे करण्यापुरते. चढ-उतार पूर्ण बंद, कारण जोतिबाच्या उतारावर मांड्यांना जो मार बसतो तो लवकर भरून येत नाही. पाय जड वाटणे या दिवसांत बहुतेकांच्या वाट्याला येते. सराव घटला की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे धावताना इंधन म्हणून वापरली जाणारी साठवलेली साखर, साठू लागते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते, म्हणून वजनही किलो-दीड किलोने वाढलेले दिसेल. त्यासाठी जेवण कमी करू नका.

गाडीचे मात्र बदला. शुक्रवारी रात्री निघालात, तर शनिवारी सकाळी अर्धवट झोपेत पोहोचून दिवसभर बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या स्पर्धक-क्रमांकाच्या रांगेत उभे राहाल, कारण बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. आदल्या रात्री धाकधुकीमुळे कोणालाच नीट झोप लागत नाही आणि त्याने फारसे बिघडतही नाही, पण त्याआधीची रात्र अंथरुणावर, शांत गेली पाहिजे. गुरुवारी रात्री निघा.

शाहूपुरीची आहारतज्ज्ञ:
आपल्या आईंचा आग्रह मायेचा आहे, पण त्यांना सांगा की या शर्यतीची ताकद मटणापेक्षा भातातून येते. शुक्रवार आणि शनिवार हे दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज ६०० ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात ती जेमतेम अठ्ठावीस ग्रॅम असतात, त्यामुळे नुसत्या भाताने हा आकडा गाठायचा तर दोन किलोंहून अधिक भात खावा लागेल, जे शक्य नाही. म्हणून भातासोबत बटाटा, पोहे, केळी, साखरेचे सरबत आणि आपला कोल्हापुरी गूळ अशी विभागणी करा आणि दिवसभर थोडे थोडे खात राहा. रश्श्याचे तेल-तिखट, मिसळ, उसळी, पालेभाज्या आणि कोशिंबिरी या दोन दिवसांत बाजूला ठेवा; भाकरीऐवजी भात घ्या, म्हणजे पोटात चोथा कमी राहील. शनिवारचे मोठे जेवण दुपारी घ्या, रात्री साधा वरण-भात पुरे.

शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते, तेव्हा अडीचच्या आसपास काहीतरी खायलाच हवे आणि त्या वेळी मुंबईत हवे ते मिळेलच असे नाही. घरूनच दशम्या आणि गूळ बांधून न्या. पण दशमी खाऊन धावण्याचा सराव येत्या, म्हणजे शर्यतीच्या आधीच्या रविवारी करून पाहा, तिथे पहिल्यांदा नको.

कळंब्याचे डॉक्टर:
पोटरी चालताना दुखत नसेल आणि दाबल्यावर एकाच जागी कळ येत नसेल, तर दोन दिवस विश्रांती पुरेशी आहे. तसे होत असेल, तर आधी दाखवून घ्या. शर्यतीपूर्वी किंवा धावताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, कारण घाम गेलेल्या अवस्थेत तिचा ताण मूत्रपिंडावर येतो. ताप आला तर शर्यत सोडावी, यात तडजोड नाही. आपल्याकडची जानेवारीतली पहाट थंड आणि कोरडी असते, मुंबईची हवा दमट, घाम लवकर न वाळणारी. म्हणून पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा सावकाश जा. पाणी तहानेप्रमाणे प्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर बाटली रिचवत गेल्यास रक्तातले सोडियम घसरते आणि ते जिवावर बेतू शकते.

राजारामपुरीकर:
सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारचे तिकीट काढले आणि आईला वरचे उत्तर वाचून दाखवले. तिने गुळाचा शिरा करायचे कबूल केले आहे. एकच शंका राहिली: सरावाचे बूट थोडे झिजले आहेत, तिथल्या स्टॉलवर नवे घ्यावेत का?

रंकाळ्याचा धावक:
घेऊ नका. तळवा अगदी गुळगुळीत झाला नसेल, तर तेच बूट आणि लाँग रनला वापरलेले तेच मोजे घाला. नखे बुधवारीच कापा, आदल्या दिवशी नको. आणि काखेत, मांड्यांच्या आत व्हॅसलीन लावायला विसरू नका.