‘राउंड’ या शब्दाची जात नेमकी कोणती?

प्रश्न:
मी माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवते. एका विद्यार्थिनीने ‘राउंड’ म्हणजे ‘गोल’, म्हणून विशेषण, असे पाठ केले होते. ‘द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन’ हे वाक्य वाचून तिने विचारले, “यात गोल कोण आहे, पृथ्वी की सूर्य?” येथे ‘राउंड’चा अर्थ ‘भोवती’ असा आहे, हे मी सांगितले; परंतु शब्दाची जात का बदलली, हे तिला पटेल असे मांडता आले नाही. जात ओळखण्याची खात्रीची रीत कोणती?

प्रतिसाद १:
सुट्या शब्दाची जात विचारू नये, वाक्यातले त्याचे काम पाहावे. ‘अ राउंड टेबल’मध्ये तो नामाचा आकार सांगतो, म्हणून विशेषण; ‘द फर्स्ट राउंड’मध्ये स्वतःच नाम; आणि ‘दे राउंडेड द कॉर्नर’मध्ये भूतकाळाचे रूप घेऊन कर्मही घेतो, म्हणजे क्रियापद. मुले अडखळतात ती ‘राउंड द सन’ आणि ‘शी टर्न्ड राउंड’ या जोडीपाशी. तेथे मराठीचाच आधार घ्यावा. ‘तो खाली बसला’ यातील ‘खाली’ क्रियाविशेषण आहे आणि ‘तो झाडाखाली बसला’ यातील ‘खाली’ शब्दयोगी, हे त्यांना ठाऊक असते; ‘राउंड’लाही नामाची सोबत आहे की नाही, एवढेच पाहायचे.

प्रतिसाद २:
यामागे इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत ‘प्रेम’ या अर्थाचे नाम ‘लुफु’ आणि क्रियापद ‘लुफियन’ असे वेगळे दिसत असे. पुढे शेवटचे प्रत्यय झिजले आणि दोन्हींसाठी ‘लव्ह’ हे एकच रूप उरले. जे काम पूर्वी प्रत्यय करीत, त्यातले बरेचसे आता शब्दक्रमाकडे आले आहे. काही शब्दांत आघातही मदत करतो: ‘रेकॉर्ड’ नाम असताना जोर पहिल्या अवयवावर पडतो, क्रियापद असताना दुसऱ्यावर.

प्रतिसाद ३:
एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘विहीर’ या अर्थाचा ‘वेल’ आणि ‘शी सिंग्ज वेल’मधला ‘वेल’ यांची मुळे निराळी आहेत. कोशात त्यांच्या नोंदीही स्वतंत्र असतात. त्यांना एकाच शब्दाच्या दोन जाती म्हणून शिकवणे मला चुकीचे वाटते.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. ‘झाडाखाली’चे उदाहरण फळ्यावर लिहून त्याखाली ‘राउंड द सन’ लिहीन, आणि दोन्हींतील नामाला त्याच विद्यार्थिनीकडून रेघ ओढून घेईन.