दाट घरांमुळे पर्यावरणाचं नुकसान होतं की वाचतं? मिनियापोलिसच्या केसमध्ये गोंधळलेय

नकाशावाली

नमस्कार मंडळी, एम.प्लॅनच्या (नगर नियोजनातली मास्टर्स) सेमिनारसाठी मिनियापोलिस २०४० ही केस घेतलीये आणि आता डोकं पार भंजाळलंय, जाणकारांनी जरा मदत करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस शहर आहे, तिथल्या सिटी कौन्सिलनं डिसेंबर २०१८ मध्ये १२ विरुद्ध १ मतांनी नवा विकास आराखडा पास केला. आधी रहिवासी जमिनीच्या साधारण ७० टक्के भागात एका प्लॉटवर एकच बंगला एवढीच परवानगी होती, ती अट काढून एका प्लॉटवर तीन घरांपर्यंत मुभा दिली आणि बस-रेल्वेच्या मोठ्या रस्त्यांलगत त्याहून उंच बिल्डिंगी. जानेवारी २०२० पासून लागू. पण त्याआधीच तीन संस्था कोर्टात गेल्या, त्यातल्या दोन तर पक्षी वाचवणाऱ्या! म्हणे एवढी घरं झाली तर हिरवळ जाईल, पाणी मुरणार नाही, तळी-नदी खराब होतील. आणि २०२२ मध्ये जज साहेबांनी खरंच आराखडा थांबवला.

आम्हाला तर पहिल्या सेमपासून शिकवलंय की शहर दाट असेल तर गाड्या कमी पळतात, शेतजमीन वाचते, घर गरम ठेवायला इंधन कमी लागतं. मग कोर्टाला उलटं कसं पटलं? आणि दुसरं म्हणजे पर्यावरणाची तपासणी आख्ख्या आराखड्याची करायची का एकेका बिल्डिंगची? मॅडमनी बजावलंय की दोन्ही दगडांवर पाय ठेवून सेमिनार द्यायचा नाही, एक बाजू घे.

खडूस_काका

बाजू काय घ्यायचीये त्यात. पक्ष्यांचं नाव पुढे, मागे कारण एकच, आमच्या गल्लीत भाडेकरू नकोत. जगात कुठेही जा, बंगलेवाल्यांना झाडं आठवतात ती शेजारी बिल्डिंग येणार कळल्यावरच.

कोर्टकचेरी

काका, हेतू काहीही असो, कोर्टापुढे हेतू नसतो पुरावा असतो, आणि या केसची सगळी गंमत त्यातच आहे.

नकाशावाली, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर, जजनी "दाट शहर पर्यावरणाला वाईट" असा निकाल दिलेलाच नाही. तिथे १९७१ चा एक राज्य कायदा आहे, पर्यावरण हक्कांचा, त्याखाली कुठलाही नागरिक दावा लावू शकतो. दावा करणाऱ्यानं प्रथमदर्शनी नुकसान दाखवायचं, एवढं झालं की चेंडू समोरच्याकडे. त्यानं एकतर ते खोडून काढायचं नाहीतर सिद्ध करायचं की याला दुसरा व्यवहार्य पर्याय नव्हता. आणि नुसतं "पैशाला परवडत नाही" हा बचाव चालत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता वादींनी काय केलं, आराखड्यात जेवढं बांधायला मुभा आहे तेवढं सगळं बांधलं गेलं असं धरून रिपोर्ट करून घेतला, नवी घरं दीड लाखाच्या आसपास. एवढी घरं म्हटल्यावर किती जमीन झाकली जाईल, किती पाणी गटारात जाईल, हिरवळ किती कमी होईल सगळं आलंच. शहराचं म्हणणं होतं की अहो एवढं कधी बांधलंच जाणार नाही, हा आकडा अवास्तव आहे. बरोबर असेलही. पण मग वास्तव आकडा कुठला, तो कागदावर टाकून वादींचं म्हणणं खोडायला हवं होतं ते काही नीट झालं नाही. एकीकडे रिपोर्ट आणि दुसरीकडे "असं होणार नाही हो", जज काय करणार?

आणखी एक गाठ आहे. तिथल्या दुसऱ्या कायद्यानुसार शहरांच्या आराखड्यांना पर्यावरण आढाव्यातून सूट होती, शहराला वाटलं की आपल्याला सूट आहे म्हणजे विषय संपला. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आढावा करण्यातून सूट आहे, हक्कांच्या कायद्यातून नाही, दावा चालवा. म्हणजे जो आढावा करायचं बंधन नव्हतं तोच केला असता तर कोर्टात हातात काहीतरी असतं! मग जून २०२२ ला आराखड्यावर मनाई, सप्टेंबर २०२३ ला परत मनाई आणि जुन्या २०३० च्या आराखड्यावर जा असा हुकूम, मे २०२४ ला अपील कोर्टानं मनाई उठवली आणि त्याच महिन्यात विधिमंडळानं कायदा बदलून असे आराखडे या दाव्यांच्या बाहेरच काढले. थोडक्यात दाट घरं चांगली का वाईट याचा निकाल शेवटपर्यंत लागलाच नाही.

ओढ्याकाठी

पाण्याच्या बाजूनं मी लिहितो, पावसाच्या पाण्याचा निचरा हेच माझं काम आहे.

या वादात सगळे एकाच पाण्याबद्दल बोलतायत पण भागाकार वेगवेगळा करतायत. अमेरिकेच्या ईपीएचा (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) २००६ चा एक अभ्यास आहे, त्यात एक एकर जमीन घेऊन त्यावर १ घर, ४ घरं आणि ८ घरं असे तीन प्रकार धरलेत. एका घराला २० टक्के जमीन छप्पर-रस्त्याखाली झाकली जाते, चार घरांना ३८ टक्के, आठ घरांना ६५ टक्के. साहजिकच एकरामागे वाहून जाणारं पाणी वाढत जातं, वर्षाला १८,७०० घनफूट, मग २४,८००, मग ३९,६००. हे बघितलं की वाटतं अरे बापरे, दाट घरं म्हणजे ओढ्याची वाट लागली.

आता तेच पाणी घरामागे काढ. १८,७००, ६,२०० आणि ४,९५०. उलटं झालं ना सगळं? १०,००० घरं बांधायचीच आहेत तर एकरी एक धरून १०,००० एकर लागतील आणि १८.७ कोटी घनफूट पाणी वाहील, एकरी आठ धरली तर १,२५० एकरात भागतं आणि पाणी ४.९५ कोटी. म्हणजे वादींनी एकरानं भागलं, तुझ्या पुस्तकांनी घरानं भागलं, आणि खोटं कुणीच बोलत नाहीये.

पण एक सांगतो, ज्या तळ्याला त्या १,२५० एकराचं पाणी मिळतं त्याला बाकी ८,७५० एकर वाचल्याचं काही सोयरसुतक नसतं, त्याच्याकडे ३९,६०० च्या हिशोबानंच पाणी येणार आणि त्याबरोबर टायरचा भुगा, तेल, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ सगळं. मिनियापोलिसचं पावसाचं पाणी तिथलीच तळी, मिनेहाहा क्रीक हा ओढा आणि मिसिसिपीत जातं. त्यामुळे वादींची तक्रार अगदीच हवेतली नाही. फक्त त्यावर उपाय घरं थांबवणं नाही, प्लॉटवर किती टक्के जमीन झाकता येईल ती मर्यादा आणि पाणी जागेवरच मुरवायची सक्ती हा आहे. त्या शहरात २००५ पासून पावसाच्या पाण्याचं वेगळं बिल येतं, झाकलेल्या जमिनीच्या मापावर. जुना एकमजली बंगला, लांबलचक ड्राइव्हवे आणि मागे गॅरेज असा प्लॉट आणि त्याच जागी उभं तीन घरांचं बांधकाम, यात झाकलेली जमीन दुसऱ्यात जास्तच असेल असं काही नाही, मापल्याशिवाय बोलू नये.

नकाशावाली

ओढ्याकाठी दादा, हे भारी आहे, एकर आणि घर असं वेगळं काढून कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग आढाव्यात तुलना नक्की कशाशी करतात? आराखडा बदलला नाही तर काय होईल, त्याच्याशीच ना?

सिग्नलवर_अडकलेला

करायला हवी त्याच्याशीच, पण तिथेच पाणी मुरतं. "काही केलं नाही तर" हा पर्याय कागदावर असा लिहितात की जणू ती घरं झाली नाहीत तर त्यात राहणारी माणसंच जन्माला येणार नाहीत. अहो ती कुठेतरी राहणारच, शहराच्या हद्दीबाहेर पाऊण तास लांब राहतील आणि रोज गाडी काढून येतील, पण तो धूर या आढाव्यात नाही कारण तो दुसऱ्या तालुक्यात. आढावा साइटचा असतो, माणसांचा नसतो.

ट्रॅफिकमध्ये याचा कळस बघायचा तर कॅलिफोर्निया बघ. तिथे १९७० पासूनचा पर्यावरण कायदा आहे, १९७२ च्या एका निकालानंतर खासगी प्रकल्पांनाही लागू झाला. त्यात वर्षानुवर्षं ट्रॅफिकचा परिणाम मोजायचे तो चौकात गाडी किती सेकंद थांबते यावर, ए ते एफ असे ग्रेड. आता शहराच्या मध्यात स्टेशनजवळ ३०० फ्लॅट टाकले की शेजारच्या आधीच तुंबलेल्या चौकात पाच-सात सेकंद वाढणार, ग्रेड घसरला, झालं, पर्यावरणावर गंभीर परिणाम! उपाय काय, तर रस्ता रुंद करा नाहीतर फ्लॅट कमी करा. आणि तेच ३०० बंगले लांब माळरानावर टाकले तर तिथले चौक रिकामे, ग्रेड झकास, जरी प्रत्येक माणूस दिवसाला तिप्पट गाडी चालवणार असला तरी. पर्यावरणाच्या नावाखाली ड्रायव्हरची गैरसोय मोजत होते हे! २०१३ ला कायदा करून ते बदललं, जुलै २०२० पासून राज्यभर सक्तीनं गाड्या एकूण किती मैल धावतील ते मोजतात. माप बदललं आणि तीच बिल्डिंग गुन्हेगाराची शहाणी झाली.

पाखरू

सगळे एका सुरात बोलताय म्हणून मुद्दाम लिहितेय. काका, पक्षीवाले सगळे ढोंगी असं नका समजू. मिसिसिपी हा स्थलांतराचा केवढा मोठा मार्ग आहे, आणि पक्षी काचेवर आपटून मरतात हे काही कुणी रचलेलं नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. एका प्लॉटवर दोन झाडं गेली तर कुठल्याही आढाव्यात ती दिसत नाहीत, एवढ्याशा बांधकामाला आढावाच लागत नाही. अशा हजारो प्लॉटची बेरीज फक्त आराखडा करताना दिसते, नंतर ती कुणाच्याच टेबलावर येत नाही. आपल्याकडेही तेच आहे की, २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम आढावा) अधिसूचनेत बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटरपासून पुढे, त्याखालच्याला कुणी विचारत नाही, मोठ्या बांधकामांनाही सहसा जनसुनावणी नाही आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) वाढवणाऱ्या डीपीला, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याला, तर ही मंजुरी लागतच नाही. मग बेरीज करायची कुणी? आराखड्याला आढाव्यातून सूट देणं म्हणजे जिथे मोजता येतं नेमकं तिथेच डोळे मिटणं.

खडूस_काका

ताई मान्य, काचेचा मुद्दा खरा आहे. पण मग काचेचा नियम करा की, पक्ष्यांना दिसेल अशी काच लावा म्हणावं. घरं कशाला अडवायची? तीन घरांच्या लाकडी इमारतीवर कुठला पक्षी आपटतो?

कोर्टकचेरी

पाखरूचा मुद्दा मला पटतो, पूर्ण नाही पण बराचसा. नकाशावाली, मला विचारशील तर बाजू ही घे: आढावा आराखड्याचा, एकदाच आणि नीट, आणि मग त्या आराखड्यात बसणाऱ्या बिल्डिंगला परत तोच प्रश्न विचारायचा नाही. युरोपात २००१ च्या निर्देशानुसार आराखड्यांचाच आढावा करतात, पर्यायांसकट. कॅलिफोर्नियानं उलटा रस्ता धरला, जून २०२५ मध्ये शहरातल्या मोकळ्या-पडक्या जागांवरच्या बऱ्याचशा घरबांधणीला त्या कायद्यातून सरळ बाहेर काढलं. मिनेसोटानंही तेच केलं. कंटाळले बिचारे, दुसरं काय, पण सूट देऊन मोजणं थांबतं आणि पाखरू म्हणतेय ती बेरीज राहूनच जाते.

आणि आढाव्यात घरांचा आकडा खरा वाटेल असा हवा. तीन घरांची एवढी बोंब झाली पण तशा इमारती प्रत्यक्षात फारच थोड्या उभ्या राहिल्या, बहुतेक नवी घरं मोठ्या रस्त्यांवरच्या २० पेक्षा जास्त फ्लॅटच्या बिल्डिंगीत आली. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेनं २०२४ ला आकडे दिले होते, २०१७ ते २०२२ मध्ये शहरातली घरं १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडं फक्त १ टक्क्यानं, उरलेल्या राज्यात घरं ४ टक्के आणि भाडं १४ टक्के. हे पर्यावरणाचे आकडे नाहीत, पण माणसं बाहेर ढकलली जातात की नाही ते यावरून कळतं, आणि सिग्नलवाल्यांचा मुद्दा तोच आहे. मात्र एक लक्षात ठेव, यातली बरीच वर्षं हा आराखडा लागू व्हायच्या आधीची आहेत, सगळं श्रेय त्याला देऊ नकोस.

नकाशावाली

सगळ्यांना खूप थँक्स. मग असं करते, पहिल्याच स्लाइडला एकरामागे आणि घरामागे असे दोन कॉलम टाकते, मग "आढावा आराखड्याचाच" ही बाजू घेते आणि पाखरू ताईंचा बेरजेचा मुद्दा माझ्या बाजूनं वापरते, चालेल ना ताई? ओढ्याकाठी दादा, ते पाण्याचे आकडे कुठल्या शहरात मोजलेत ते सांगाल का?

पाखरू

चालेल की. काचेचं पण एक वाक्य टाक पण :)

ओढ्याकाठी

मोजलेले नाहीत ते, मॉडेलवरून काढलेत. स्लाइडवर स्पष्ट लिही, नाहीतर एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) नेमकं तिथेच धरतील. आणि ६५ टक्के झाकलेली जमीन हे त्यांनी धरलेलं आहे, मिनियापोलिसच्या प्लॉटला तीच टक्केवारी लावून मोकळी होऊ नकोस, तिथल्या झोनिंग कोडमध्ये (कुठल्या भागात काय आणि किती बांधता येईल त्याचे नियम) वेगवेगळ्या भागांना काय मर्यादा दिलीये ती बघून घे.