मदत हवी आहे: १८६९चा बेसबॉल धावफलक वाचायचा कसा?

मंडळी, आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल कॅप्टनवर, हॅरी राइटवर लिहितेय आणि एका जागी गाडी अडलीय.

माणूस मुळात क्रिकेटवाला. जन्म १८३५चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेटपटू. हॅरीलाही सिनसिनाटीला नेलं ते क्रिकेटसाठीच, वर्षाला १२०० डॉलरवर. पण तिथल्या लोकांना बेसबॉलचं वेड लागलं आणि हाही तिकडे वळला. १८६९ साली त्याने रेड स्टॉकिंग्ज संघ उभा केला, सगळेच्या सगळे उघडपणे पगारी. तोवर खेळाडूंना पैसे मिळायचे ते गुपचूप. सर्वांत जास्त पगार धाकट्या भावाचा, जॉर्जचा: १४०० डॉलर. कॅप्टन थोरला आणि पगार धाकट्याला जास्त! आमच्याकडे घर दुभंगलं असतं.

त्या वर्षी बेसबॉलपटूंच्या राष्ट्रीय संघटनेतल्या क्लबांविरुद्धचे ५७ सामने खेळले, ५७ जिंकले. १४ जून १८७०ला ब्रुकलिनमध्ये तिथल्याच अटलांटिक्स संघाविरुद्ध नऊ डावांनंतर ५-५ अशी बरोबरी होती. यजमान घरी निघाले होते. हॅरी अडून बसला, निकाल लागलाच पाहिजे. अकराव्या डावात ८-७ने हरला. बरोबरी घेतली असती तर अपराजित राहिला असता; मला तो याच हट्टासाठी आवडतो.

आता अडचण. १८६९च्या एका वर्तमानपत्राचा फोटो मिळालाय. प्रत्येक नावापुढे दोनच रकाने, 'ओ' आणि 'आर'. आर म्हणजे धावा, कळलं. पण एकाच्या पुढे ओ ३, आर ५. म्हणजे काय? फटके कुठेच नाहीत. शिवाय शॉर्टस्टॉपला मराठीत काय म्हणू? 'गली' चालेल?

प्रतिसाद १
गली नको हो, वाचक स्लिपशेजारी जाऊन उभा राहील. 'शॉर्टस्टॉप' ठेवा आणि एकदा सांगा: दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या थांब्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक. जॉर्ज तिथलाच. हातमोजे तेव्हा नव्हते आणि पिचर चेंडू खालूनच टाकायचा, हेही लिहा. नाहीतर लोक आजचा बेसबॉल डोळ्यापुढे आणतील.

प्रतिसाद २
ओ म्हणजे तो गडी किती वेळा बाद झाला. क्रिकेटमध्ये एका डावात एकदाच, इथे पाळी फिरून येते म्हणून तीनदा. ताळा सोपा आहे: डावाला तीन बाद, नऊ डाव, म्हणून ओच्या रकान्याची बेरीज २७ यायला हवी. दोन्ही संघांची, कारण तेव्हा आघाडीवर असलेला संघही नववा डाव खेळून काढायचा.

धागाकर्ती
दोघांचे आभार! बेरीज केली. सिनसिनाटीची २७, समोरच्यांची २६. शेवटून दुसऱ्या नावापुढचा आकडा पुसट आहे, मी २ धरला होता. तो ३ असणार.