मदत हवी आहे: यादीत ९ नावं, गावात तिप्पट माणसं. मोजायचं कसं?

ओढ्याकाठी
सरळ मुद्द्यावर येतो. यादीत ९ नावं आहेत. मी दोन वाड्यांत फिरलो तर २६ माणसं सापडली, तिसरी वाडी अजून राहिली आहे. परवा विचारलं तर उत्तर मिळालं, "शासनाच्या आकडेवारीप्रमाणे यादी बरोबर आहे." कुठली आकडेवारी? कोणी काढली? आणि मी मोजलेली माणसं धरायला लावायची तर काय करायचं? १५ ऑगस्टच्या आत हवं आहे. तयार फॉर्म कुणाकडे असेल तर टाका. "कार्यालयात चौकशी करा" असं कृपया सांगू नका, तिथूनच आलोय.

अक्का_नगरच्या
कसली यादी ओ दादा? घरकुलाची का निराधारची? काहीच लिहिलं नाहीत.

ओढ्याकाठी
दिव्यांगांची. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यासाठीची. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे.

परखड_बोल
मग सोपं आहे. ज्याच्याकडे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, तो दिव्यांग. नाही त्याने काढावं. स्वावलंबनच्या पोर्टलवर अर्ज भरा, मेडिकल बोर्डापुढे जा, कार्ड घरपोच येतं. माझ्या भावाचं मीच काढलं. तुम्ही घरोघरी फिरून कुणालाही दिव्यांग ठरवणार, हे चुकीचं आहे. आधीच बोगस प्रमाणपत्रांनी खऱ्या माणसांचं नुकसान झालंय.

ओढ्याकाठी
मी कुणाला ठरवत नाही. वरच्या आळीत एक माणूस दोन्ही हातांत चपला घालून जमिनीवरून सरकत अंगणात येतो. चाळिशीचा आहे. त्याच्याकडे कार्ड नाही, कारण मोटाररस्ता वाडीच्या खाली दीड किलोमीटरवर संपतो आणि जिल्ह्याचं ठिकाण ७० किलोमीटर आहे. तो यादीत नाही. याला बोगस म्हणायचं का?

परखड_बोल
त्या माणसाबद्दल मी काही म्हणालो नाही. पण नियम नियम आहे. ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्याशिवाय लाभ मिळत नाही.

निवृत्त_प्रगणक
मी प्राथमिक शिक्षक होतो. २००१ आणि २०११, दोन्ही जनगणनांना प्रगणक म्हणून फिरलोय, म्हणून लिहितो. दारात उभं राहून "घरात कुणी अपंग आहे का?" विचारलं की दहातल्या नऊ घरांत "नाही" येतं. आतून काठीचा आवाज येत असतो आणि सून सांगते, "नाही हो गुरुजी, आमच्यात तसं कोणी नाही." मुलीचं लग्न व्हायचं असलं की धाकट्या भावाचं नावच निघत नाही.

शिवाय व्याख्या बदलत गेल्या. २००१ मध्ये एकाच डोळ्याने नीट दिसणारा माणूस अपंगांत धरायचा होता, २०११ मध्ये नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला २००१ मध्ये धरायचं नव्हतं, २०११ मध्ये धरायचं होतं. परिणाम बघा. देशात दृष्टीचे २००१ ला १ कोटी ६ लाख होते, ते २०११ ला ५० लाखांवर आले. श्रवणाचे साडेबारा लाखांचे ५० लाख झाले. दहा वर्षांत निम्म्या अंधांना दृष्टी आली नाही आणि चौपट लोक बहिरे झाले नाहीत. फॉर्ममागची सूचना बदलली.

जिल्हा कोणता आणि लोकसंख्या किती, ते सांगा. त्याशिवाय पुढे बोलता येणार नाही.

ओढ्याकाठी
सातारा, डोंगरी भाग. लोकसंख्या १,८४०. गुरुजी, आभार. पण मला मागचा इतिहास नको, १५ ऑगस्टला काय मांडू ते हवंय.

तक्ते_आणि_माणसं
इतिहासातच तुमचं उत्तर आहे, जरा धीर धरा. मी सर्वेक्षणांच्या आकडेवारीवरच काम करते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे २.२१ टक्के. महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. २०१८ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६ वी फेरी झाली, तिच्यातही २.२ टक्केच आले. जाणकारांच्या मते हा आकडा फार कमी आहे, कारण जागतिक आरोग्य संघटना जगात १६ टक्के धरते. पण तो वाद बाजूला ठेवा आणि सरकारचाच दर घ्या. १,८४० चे २.२१ टक्के म्हणजे ४० हून थोडी जास्तच माणसं. मग ९ हे "शासनाच्या आकडेवारीप्रमाणे" कसं?

आता त्याच ७६ व्या फेरीतला दुसरा आकडा. दिव्यांगांपैकी प्रमाणपत्र होतं फक्त २८.८ टक्के लोकांकडे. ४० चे २८.८ टक्के काढा, ११ ते १२ येतात. देशाचा दर एका गावाला तंतोतंत लागू होत नाही हे मान्य. तरीही तुमची ९ ची यादी कशाची आहे ते यावरून दिसतं. ती कागद असलेल्यांची यादी आहे, गावातल्या दिव्यांगांची नाही. ग्रामसभेत एवढंच विचारा: यादी कशावरून केली, घरोघर विचारून की प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सवरून?

ओढ्याकाठी
झेरॉक्सवरूनच. मी स्वतः फाइल पाहिली, प्रत्येक नावामागे झेरॉक्स लावलेली आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अक्का_नगरच्या
एक विचारू का? माझ्या जाऊबाईंचा पाय अधू आहे, ४५ टक्क्यांचा दाखला आहे. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते म्हणतात, ती जुन्या दाखल्यावर चालेल का? कुठला कागद दाखवायचा?

परखड_बोल
अक्का, वेगळा धागा काढा. आणि ताई, १६ टक्के म्हणजे दर सहावा माणूस. असं धरलं तर गावातले सगळे म्हातारे दिव्यांग होतील. मग ५ टक्के निधी कुणाकुणाला पुरणार?

तक्ते_आणि_माणसं
दादा, तुम्ही दोन कामं एकत्र करताय. लाभार्थ्यांची यादी वेगळी आणि गणना वेगळी. यादीला नाव, टक्केवारी, दाखला लागतो, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. गणना लागते ती ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांना रॅम्प हवा का, शाळेच्या शौचालयात आधाराचा कठडा हवा का, मतदान केंद्र कुठे ठेवायचं, हे ठरवायला. पायरी न चढता येणारी ऐंशीची आजी आणि पोलिओ झालेला माणूस, दोघांनाही तोच रॅम्प लागतो. ५ टक्क्यांतून वैयक्तिक लाभही देतात आणि अशी सामूहिक कामंही होतात.

ओढ्याकाठी, तुम्ही फॉर्म मागितला होता. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये दिव्यांगांच्या मोजणीसाठी वॉशिंग्टन गट नेमला, त्याचे सहा प्रश्न आहेत. त्यांत अपंग, दिव्यांग हे शब्दच येत नाहीत. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा एका कामावर लक्ष द्यायला? आंघोळ, कपडे घालणं ही स्वतःची कामं करायला? आणि आपल्या नेहमीच्या भाषेत बोललेलं दुसऱ्याला कळायला किंवा दुसऱ्याचं आपल्याला कळायला? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. एकाही प्रश्नाला "खूप" किंवा "जमतच नाही" आलं की तो माणूस मोजायचा. घरातल्या प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा, "घरात कुणाला" असं एकत्र नको. पाच वर्षांखालच्या मुलांना हे प्रश्न लागू करू नका.

गडचिरोलीतून
ताईंचे सहा प्रश्न चांगले आहेत, पण आमच्याकडचा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा मुलगा त्यांत सापडणार नाही. बरा असतो तेव्हा झाडावर चढतो, दुखणं उठलं की आठवडाभर अंथरुणात तळमळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यांत आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. मनाचे आजारही या प्रश्नांत नीट पकडले जात नाहीत. मी सातवा प्रश्न जोडतो: "कधी कधी आठवडा-आठवडा काम बंद पडावं असा आजार कुणाला आहे का?"

तक्ते_आणि_माणसं
मान्य आहे. फक्त त्याची उत्तरं वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या आकड्याशी तुलना करता येणार नाही.

आईची_वही
माझा मुलगा स्वमग्न आहे, १४ वर्षांचा. सगळ्यांना सांगते, निरामय विमा काढा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, राष्ट्रीय न्यासाकडून.

ओढ्याकाठी
ताई, चांगली माहिती आहे, पण मी विम्याबद्दल विचारलं नव्हतं.

आईची_वही
ठाऊक आहे. तुमच्या २६ मध्ये असं एखादं मूल असेल म्हणून लिहिलं. आणि एक मात्र माझं ऐकाच. ग्रामसभेत नावं वाचू नका. आमच्या सोसायटीत एका मोजणीच्या वेळी माझ्या मुलाचं नाव आणि निदान फलकावर लावलं होतं. पुढचे सहा महिने जिन्यात पोरं त्याला त्या शब्दाने हाक मारत होती. सभेत फक्त आकडा सांगा: चालण्याचा त्रास इतके, दिसण्याचा इतके. मानसिक आजाराचं तर नाव कागदावरही सर्वांसमोर नको. लाभासाठीची नावं बंद पाकिटात, तीही घरच्यांना विचारून.

निवृत्त_प्रगणक
शंभर टक्के सहमत. आम्ही गणनेला निघायचो तेव्हा माहिती गोपनीय ठेवायची हे पहिल्या दिवशी शिकवायचे.

परखड_बोल
आकडा सांगून निधी मिळत नाही. शेवटी दाखलाच लागेल.

गडचिरोलीतून
मग दाखल्याची सोय मागा ना! एकेकाने ७० किलोमीटर जाण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव करा की तालुक्याच्या ठिकाणी तपासणी शिबिर लावावं, आणि तो जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. सोबत गणनेचा आकडा जोडा. "अमुक इतक्या लोकांना तपासणी हवी" असं कागदावर असलं की टाळणं अवघड जातं. आमच्याकडे दोनदा अर्ज करून शिबिर झालं. पोर्टलचे अर्ज आधीच भरून ठेवा आणि पोचपावती जपा. २०२४ च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, ती पावतीच्या तारखेवरून दाखवता येते.

परखड_बोल
हे पटलं. शिबिराची मागणी करत असाल तर माझा विरोध नाही. अर्ज भरताना अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, भावाच्या वेळी कुठे अडतं ते सगळं पाहिलंय.

अक्का_नगरच्या
माझ्या एसटीचं कुणी सांगेल का?

निवृत्त_प्रगणक
अक्का, आगारात पास विभागात मूळ दाखला आणि आधार घेऊन जाऊबाईंना स्वतः जायला सांगा. झेरॉक्सवर होत नाही.

ओढ्याकाठी
काल तिसऱ्या वाडीत सहा प्रश्न घेऊन गेलो. पहिल्याच घरात मुद्दाम आधी जुन्या पद्धतीने विचारलं, "कुणी दिव्यांग आहे का?" "नाही." मग एकेकाचं विचारत गेलो. घरातली म्हातारी चुलीपाशी बसून होती. "मावशी, दिसायला त्रास होतो का?" तर म्हणाली, "दिसतंय की." सून म्हणाली, "कुठलं दिसतंय, भिंतीला हात लावून लावून चालतात. परवा दुधाच्या पातेल्यात मीठ टाकलं." मोतीबिंदू असावा, अजून कुणी डोळे तपासलेलेच नाहीत. त्याच घरात नऊ वर्षांची नात आहे. शाळेत तिला "लक्ष नाही" म्हणून मागे बसवतात. मी पाठीमागून टाळी वाजवली तर तिने वळून पाहिलं नाही. तिची आई बघत राहिली आणि मग आत निघून गेली.

१७ घरांत ११ माणसं निघाली. तिन्ही वाड्यांची मिळून ३७ झाली, पण पहिल्या दोन वाड्यांत मी जुन्याच पद्धतीने विचारलं होतं, त्यामुळे तिथे परत जावं लागणार. शिबिराचा ठराव लिहायला घेतो. गडचिरोलीतून दादा, तुमच्या ठरावाची भाषा असेल तर नावं काढून इथे टाका. आणि त्या मुलीचे कान तपासायला शिबिरापर्यंत थांबायचं नाहीये. साताऱ्यात किंवा कराडला मुलांची श्रवण तपासणी कुणी करून घेतली असेल तर कोणत्या वारी होते ते सांगा, गुरुवारी मी तिला आणि तिच्या आईला घेऊन निघू शकतो.