मदत हवी आहे: उत्परिवर्तित बुरशीचे लोव्हास्टॅटिन उत्पादन टिकत नाही

जळगावजवळच्या केळीच्या बागेतील मातीतून वेगळ्या केलेल्या अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीच्या बीजाणूंना २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण देऊन, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या लोव्हास्टॅटिनचे उत्पादन वाढवण्याचे काम आमच्या महाविद्यालयात सुरू आहे. निवडलेला उत्परिवर्ती (किरणांमुळे जनुकीय बदल झालेला वाण) सुरुवातीला मूळ बुरशीपेक्षा स्पष्टपणे सरस होता. मात्र बटाटा-डेक्स्ट्रोज आगर या वाढ-माध्यमावर वारंवार उपसंवर्धन (जुन्या वाढीतून थोडा भाग घेऊन नव्या माध्यमावर वाढवणे) केल्यानंतर उत्पादन जवळपास मूळ पातळीवर आले असून, दालचिनी रंगाच्या वसाहतीत बीजाणू न धरणारे पांढरे, कापसासारखे पट्टे दिसू लागले आहेत.

किरण दिल्यानंतर प्रकाशामुळे डीएनएची दुरुस्ती होऊ नये म्हणून प्लेट अंधारातच ठेवल्या होत्या. एकेका बीजाणूपासून पुन्हा शुद्धीकरणही केले. एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) २३८ नॅनोमीटरला लोव्हास्टॅटिनची आम्ल आणि लॅक्टोन ही दोन्ही रूपे मोजतो, त्यामुळे मोजमापात दोष असेल असे वाटत नाही.

लायोफिलायझर (गोठवून वाळवणारे यंत्र) किंवा उणे ८० अंशांचा फ्रीजर आमच्याकडे नाही. उणे २० अंशांचा आहे, पण खान्देशच्या उन्हाळ्यात वीज गेली की त्याचा भरवसा नसतो.

अशा परिस्थितीत ही घसरण मूळ उत्परिवर्तन उलटल्यामुळे झाली की उपसंवर्धनात कमी उत्पादन देणारे पेशीसमूह वरचढ झाल्यामुळे, हे साध्या प्रयोगाने कसे ओळखावे, आणि निर्जंतुक सिलिका जेलवर वाळवून ठेवलेल्या बीजाणूंची उत्पादनक्षमता टिकल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?