नुसत्या पायांचा खेळ नाही

'ज्याचे पाय वेगवान तोच ओरिएंटियरिंगमध्ये जिंकणार' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा वाचत, ठरवून दिलेली ठिकाणं गाठत पळायची शर्यत. ज्युनिअर जागतिक स्पर्धेत (पहिली १९९० साली स्वीडनमध्ये झाली, वयोमर्यादा २०) नकाशा हातात पडतो तोच मुळी घड्याळ सुरू होताना. आधी जाऊन जंगल बघून ठेवायची सोय नाही, तिथे फिरकायलाच बंदी असते. वाट शोधायला जवळ फक्त होकायंत्र. जीपीएसची मदत चालत नाही.

स्प्रिंट ही छोटी शर्यत गल्लीबोळांतून असते, नकाशा १:४०००. मिडल या मधल्या अंतराच्या शर्यतीला जंगल, नकाशा १:१०,०००, आणि चढउतार दाखवणाऱ्या समोच्च रेषा वाचायच्या त्या थांबून नव्हे, पळता पळता. दम लागला की डोकं आधी चुकतं, पाय नंतर! एक कंट्रोल (नकाशावर दाखवलेलं, गाठायचंच असं ठिकाण) राहिला की बाद, मग वेळ कितीही भारी असो.

रिलेत तर आणखी गंमत. तिघांचा संघ, पहिले धावपटू सगळे एकदम सुटतात. पुढच्याच्या मागे पळावं म्हटलं तर त्याचे काही कंट्रोल वेगळे असू शकतात. आंधळेपणाने मागे गेलात की फसलात. म्हणून तर नोंद करण्याआधी प्रत्येक कंट्रोलचा सांकेतिक क्रमांक ताडून बघतात.