शिंजीर गाडीच्या आरशाला टोचा मारतोय, आणि सावरीवरच्या पक्ष्यांचे फोटो काळे येतायत

शिवारातला
नमस्कार मंडळी. घर बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला आहे, मागं भाताची शिवारं आणि बांधावर एक जुनी काटेसावर. आता पान एक नाही, नुसती लालभडक. सकाळी उजाडलं की कालवा सुरू, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, मधेच भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा आला की मग विचारूच नका. माझ्याकडं साधी क्रॉप सेन्सरची बॉडी आणि ७०-३०० लेन्स आहे. खरं फोटोत पक्षी काळा ठिक्कर आणि मागं आभाळ पांढरं फटक येतंय. दुसरं म्हणजे एक जांभळा शिंजीर (सनबर्ड) रोज येऊन माझ्या गाडीच्या आरशाला टोचा मारत बसतोय, आरसा सगळा घाण करून सोडलाय, आई म्हणते याला वेड लागलंय. मित्र म्हणतोय मोबाईलवर त्याचा आवाज लाव, बरोबर समोर येऊन बसतो. लावू काय?

रानवाट
वेडबिड काही नाही. विणीचे दिवस आहेत, नर आपली हद्द राखतोय, आणि आरशात त्याला दुसरा नर दिसतोय जो काही केल्या मागं हटत नाही. दयाळ आणि धोबीपण असंच करतात. गाडी लावली की आरशावर जुना मोजा नाहीतर कापडी पिशवी चढव, विषय संपला.

आवाज लावू नको. आरशाचं आणि मोबाईलचं एकच काम, नसलेला शत्रू उभा करायचा. तो येईल, छाती काढून ओरडेल, तुला फोटो मिळेल, खरं तेवढा वेळ त्याचं खाणं बंद, मादीकडं लक्ष नाही. आणि फोटोपण एकाच छापाचा येतो, चिडलेला पक्षी. त्यापेक्षा तो गातो कुठं ते बघ. बहुतेक त्याची एखाददुसरी ठरलेली काडी असते, वायर नाहीतर शेंडा, फिरून फिरून तिथंच येतो. ती सापडली की लांब गप बसायचं. गाताना कधीकधी पंखाखालून पिवळे-नारिंगी तुरे बाहेर काढतो, ते बघायला मिळालं तर काय पाहिजे! पावसाळ्याच्या पुढं हाच नर मादीसारखा पिवळट होतो, छातीवर मधोमध एक काळी रेघ तेवढी राहते, तवा लोक विचारतात हा नवीन पक्षी कुठला म्हणून.

लेन्सवाला_टिळकवाडी
काळ्या फोटोचं सांगतो. आभाळ उजेडाचं असलं की कॅमेरा फसतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यायचा ती सेटिंग) +१ कर, जास्त ढग असतील तर +१.३ पण चालतं, आभाळ जळालं तर जळू दे. खरी गोष्ट म्हणजे खालून वर बघून काढूच नकोस, गच्चीवर जा. फुलाच्या लेव्हलला आलास की मागं आभाळाच्या जागी शिवार येतं, अर्धं काम तिथंच झालं. सूर्य पाठीशी, ९ च्या आत. शिंजीराचा रंग पिसातल्या चमकीचा आहे, ऊन बरोबर कोनातून पडलं तरच निळा-जांभळा दिसणार, नाहीतर कितीपण भारी कॅमेरा आण, काळाच.

फांद्या लई असतात म्हणून फोकस सिंगल पॉइंट (एकाच ठिपक्यावर), कंटिन्युअस मोडवर (पक्षी हलला तरी फोकस धरून राहतो). शटर १/१६०० सेकंदाच्या खाली नको, ISO (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. पक्ष्याच्या मागं लेन्स फिरवत बसू नको, एक ताजं उमललेलं फूल धर आणि वाट बघ. सावरीचं फूल वाटीसारखं असतं, तळाला मध. साळुंकी त्यात पार डोळ्यापर्यंत डोकं घालते आणि वर येते तवा कपाळाला पराग. तो क्षण पकड. कोतवाल मधाबरोबर किडेपण टिपतो आणि बाकीच्यांना हुसकतो, त्यामुळं उडतानाची भांडणं त्याच्याच आसपास होतात.

जोंधळा_भाकरी
भोरड्या आत्ताच काढून घे, एप्रिल लागला की ह्या मध्य आशियाकडं निघून जातात, जायच्या आधी नरांचा गुलाबी रंग चांगला खुलतो. आमच्याकडं गोकाकच्या बाजूला जोंधळ्यावर पडल्या की शेतकरी शिव्या घालतात, आणि टोळ खातात म्हणून तेच लोक कौतुकपण करतात 😄

शिवारातला
मोजा चढवला, शिंजीर आता शेजाऱ्यांच्या खिडकीवर गेलाय 🤦 आणि त्यांच्याच गॅलरीत वेलीला एक घरटं लोंबतंय, कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं, खाली सालपटं लोंबतायत, कुणी म्हणेल कचरा अडकलाय. फोटोसाठी दोन पानं बाजूला केली तर चालतंय काय?

खानापूरचा_रानगडी
हात लावू नको. ती पानं म्हणजे सावली आणि आडोसा, काढलीस की कावळ्याला रस्ता उघडा. अंडी एकटी मादी उबवते, दोन आठवड्यांच्या आसपास, ती उठून गेली आणि तू तिथंच उभा राहिलास तर परत यायला बिचकते. आमच्याकडं जांबोटीच्या रानात धनेशाचं तेच होतं, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फळं घेऊन येतो आणि झाडाखाली दहा कॅमेरे दिसले की न भरवताच माघारी. भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचंच नाही, इथं घराजवळ विचारणारं कोण नसतं म्हणून लोक सुटतात.

शेजाऱ्यांना सांग खिडकीला आतून पडदा नको, काचेवर बाहेरून पेपर चिकटवा. घरट्याचा फोटो पिल्लं उडाल्यावर काढ, रिकामं घरटंपण बघण्यासारखं असतं, दाराला वर छोटी पडवी असते बघ.